हिमावरील मोटार : टायरची पकड आणि चालकाचे कौशल्य

काश्मीरमधील टंगमर्ग येथून गुलमर्गला जाणारा घाटरस्ता सुमारे १३ किलोमीटर लांबीचा आहे. जोरदार हिमवृष्टी झाली की, चाकांना साखळ्या लावल्यावाचून या रस्त्याने वर जाण्यास मोटारींना मनाई करण्यात येते. हिमाचल प्रदेशात सोलांग खोऱ्यातून अटल बोगद्याकडे चढणाऱ्या रस्त्यावरही हिवाळ्यात अशीच दक्षता घ्यावी लागते. सुमारे ९ किलोमीटर लांबीचा हा बोगदा २०२० मध्ये वाहतुकीस खुला झाला. तेव्हापासून मैदानी प्रदेशांतील मोटारी ऐन हिवाळ्यात तेथवर जाऊ लागल्या. त्यांपैकी पुष्कळांचे टायर उष्ण हवामानासाठी बनविलेले असतात आणि चालकांस हिमाचा अनुभव नसतो. अशा वेळी मोटार का घसरते आणि ती कशी सावरावी, हे जाणून घेणे प्राणरक्षणाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

घर्षणाचा हिशेब

मोटार पुढे जाते, वळते किंवा थांबते ती केवळ टायर आणि रस्ता यांमधील घर्षणाच्या बळावर. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे तळहाताएवढाच असतो. या घर्षणाचे मान घर्षणांकाने दर्शवितात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो सुमारे ०.७ असतो, दाबून घट्ट झालेल्या हिमावर ०.२ ते ०.३, तर गुळगुळीत बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीला ब्रेक लावल्यावर थांबण्यासाठी कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मीटर लागतात. घट्ट हिमावर, घर्षणांक ०.२५ धरल्यास, हेच अंतर सुमारे ३९ मीटर होते आणि बर्फावर ते ९८ मीटरांवर जाते. धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवण्यास लागणारा वेळ यात धरलेला नाही. हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग निम्मा केला की अंतर एकचतुर्थांश होते. मोटार जड असली म्हणजे ती लवकर थांबेल, हा समज मात्र चुकीचा आहे. वजनामुळे घर्षण वाढते हे खरे. पण थांबवावयाचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते.

चढणीवर तर संकट अधिकच. दहा मीटर पुढे जाताना रस्ता एक मीटर चढत असेल, तर मोटार नुसती उभी राहण्यासही ०.१ इतका घर्षणांक लागतो. म्हणून बर्फाळ उतारावर उभी केलेली मोटार आपोआप घसरू लागते.

सर्वांत निसरडा बर्फ कोणता?

पुष्कळ थंडी म्हणजे पुष्कळ निसरडे, असे सामान्यतः वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यात भर पडते. तापमान ०° सेल्सियसच्या जवळ असता हा थर सर्वांत अडचणीचा ठरतो. उणे २०° ला बर्फावरील पकड तुलनेने बरी असते. दिवसा वितळलेले पाणी रात्री रस्त्यावर गोठते, तेव्हा त्याचा पारदर्शक पापुद्रा नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो. सावलीतील वळणांवर आणि पुलांवर तो विशेषेकरून आढळतो.

टायरची निवड

रबराची लवचिकता तापमानावर अवलंबून असते. उन्हाळी टायरचे रबर साधारणतः ७° सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते व रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत रुतून बसत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहावे अशा मिश्रणाचे असते. त्याच्या नक्षीत खोल खाचा आणि असंख्य बारीक चिरा असतात. खाचांत हिम दाबले जाऊन बसते आणि ते रस्त्यावरील हिमाला चिकटते. रबरापेक्षा हिमच हिमाला अधिक घट्ट धरते. मुठीत दाबताच हिमाचा गोळा होतो, तो याच गुणामुळे. झिजून गोटा झालेल्या टायरमध्ये हिम धरण्यास जागाच उरत नाही. म्हणूनच स्वीडनमध्ये हिवाळी टायरच्या नक्षीची खोली निदान ३ मिलिमीटर असावी, असा नियम आहे.

अशा टायरचा उगम फिनलंडमध्ये झाला. तेथील एका रबर कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी व १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी हिवाळी टायर बनविले. आज टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असे चिन्ह असल्यास तो टायर हिमावरील ठराविक चाचणीस उतरला आहे, असे समजावे.

हिवाळी टायर चारही चाकांना लावावे लागतात. केवळ पुढच्या चाकांना ते लावल्यास ब्रेकच्या वेळी पुढचा भाग रस्ता धरतो, मागचा सुटतो आणि मोटार गरकन फिरते. साखळ्या मात्र इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते त्यांना लावतात. त्या चढण सुरू होण्यापूर्वीच लावाव्यात, वेग ताशी ५० किलोमीटरांच्या आत ठेवावा आणि मोकळे डांबर लागताच त्या काढाव्यात.

चालकाचे कौशल्य

टायरजवळ पकडीचा साठा मर्यादित असतो. ब्रेक, वळण आणि वेगवाढ या तिन्ही गोष्टी त्याच साठ्यातून खर्च होतात. सारी पकड ब्रेकमध्ये खर्च झाली, तर वळण्यासाठी काहीच उरत नाही. म्हणून वेग वळणापूर्वी, सरळ रस्त्यावरच कमी करावा आणि नंतर सुकाणूचक्र हळूच फिरवावे. निघताना दुसरा गिअर वापरल्यास चाके जागच्या जागी फिरण्याचा संभव कमी होतो. उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनालाच वेग रोखू द्यावा.

मोटारीचा मागचा भाग घसरू लागला, तर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा आणि जिकडे जावयाचे तिकडे नजर ठेवून सुकाणूचक्र त्या दिशेस वळवावे. पुढची चाके घसरू लागल्यास चक्र आणखी वळविणे व्यर्थ असते. ते किंचित सरळ करताच चाकांना पुन्हा पकड मिळते.

यांत्रिक साहाय्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. चारही चाकांना शक्ती देणारी मोटार सहज निघते. परंतु ती इतरांहून लवकर थांबत नाही. चाके जखडू न देणाऱ्या ब्रेकमुळे मोटार वळविता येते. पण भुसभुशीत हिमात थांबण्याचे अंतर त्यामुळे वाढू शकते, कारण जखडलेल्या चाकापुढे साचणारा हिमाचा ढीग मोटारीला अडवीत असतो. कोणतेही यंत्र रस्त्याजवळ नसलेले घर्षण निर्माण करू शकत नाही. म्हणून पुढच्या वाहनापासून कितीतरी पट अंतर राखणे, वेग आधीच उतरविणे आणि रस्ता बर्फाने मढलेला दिसताच वेळीच माघारी वळणे, हीच सुरक्षिततेची खरी साधने होत.