अठ्ठ्याऐंशीतली वणी

डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. सचिन तेंडुलकर जवळ गेला तेव्हा खुर्चीत बसलेला विनोद कांबळी त्याचा हात सोडेना. संध्याकाळपर्यंत ती क्लिप वणीत मोबाइल-मोबाइलवर फिरत होती आणि खाली कांबळीला शहाणपण शिकवणाऱ्यांची रांग. त्यातल्या निम्म्यांना 664 हा आकडा कशाचा, हे विचारून बघा.

फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रम शाळेच्या या दोन पोरांनी 664 धावांची नाबाद भागीदारी केली. सचिन 326, कांबळी 349. तिची चित्रफीत मी तरी कधी पाहिलेली नाही. आम्हाला मिळाले ते पेपरातले आकडे, आणि त्यावर एसटी स्टँडवर आठवडाभर खल चालला. कांबळीच्या 23 धावा जास्त आहेत, हे तेव्हा आवर्जून सांगितलं जायचं.

सत्तरचं दशक रेडिओला कान लावण्यात गेलं. नव्वदनंतर गल्लोगल्ली केबलच्या वायरी लोंबल्या. ती कथा सगळ्या गावांची एकच. मधलं दशक मात्र आमचं, आणि त्यातही अठ्ठ्याऐंशी.

रविवारी साडेनऊला 'रामायण'. टीव्ही मोजक्याच घरी. दाराशी चपलांचा ढीग, पुढे पोरं, मागे भिंतीला टेकून म्हाताऱ्या, आणि पत्र्यावर अँटेना धरून उभा असलेला एक अभागी. "आलं का?" "मुंग्या आल्यात, जरा गडाकडं फिरव!" हनुमान द्रोणागिरी घेऊन उडाला त्या दिवशी खोलीत वेगळाच गलका. सप्तशृंगीचा डोंगर म्हणजे त्याच पर्वताचा वाटेत पडलेला तुकडा, अशी आमच्याकडची आख्यायिका. आमची एक आजी रामानंद सागरांवर कायमची रुसली: "आपला तुकडा पडताना दाखवायला काय जात होतं?" 31 जुलैला मालिका संपली, 2 ऑक्टोबरला 'महाभारत' सुरू झालं. मधले रविवार कसे ढकलले, ते विचारू नका.

त्याच सप्टेंबरात 'अशी ही बनवाबनवी' आला. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन पिळगावकर, सिद्धार्थ रे. आम्ही एसटीनं नाशिकला जाऊन पाहिला आणि येताना बसभर हसलो. तेव्हा नाक मुरडणारे जाणकार मला चांगले आठवतात. हिंदीतल्या 'बीवी और मकान'वरून घेतलाय, थिल्लर आहे, मराठी सिनेमा बुडाला म्हणे. आज तेच लोक त्यातल्या संवादांचे मीम सकाळी सकाळी पाठवतात आणि वर लिहितात, 'अभिजात!' लक्ष्या 2004 मध्ये गेला. त्याच्या हयातीत हा शब्द खर्च करायला यांची जीभ का जड झाली होती? आणि पोरांना चार संवाद पाठ असतात, अख्खा सिनेमा एका बैठकीत पाहिलेला नसतो. सुधीर जोशी त्या सिनेमात काय करून गेलेत, हे मीममध्ये मावत नाही.

जानेवारीतलं सांगायचं राहिलंच. मद्रासला नरेंद्र हिरवाणीनं पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजचे 16 बळी घेतले, 136 धावांत. समोर रिचर्ड्स होता. त्या कसोटीत आपला कर्णधार रवी शास्त्री. शास्त्री अजून रोज मोठ्यानं ऐकू येतो. हिरवाणीचं नाव घेताना मात्र कुणी सापडत नाही.