न्हावा-शेवा ते घाना : एका वाचलेल्या प्रतीची हकिकत

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात एका टर्मिनलचे कामकाज अकस्मात विस्कळीत झाले. क्रेन धडधाकट होत्या, माणसे हजर होती, मालही होता. परंतु कोणता कंटेनर कोणाचा आणि तो कोठे ठेवला आहे, हे सांगणारी संगणकयंत्रणा मुकी झाली होती. हे टर्मिनल चालविणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील. न्हावा-शेव्याहून माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याला एरवी कोपनहेगनची आठवण होण्याचे कारण नाही; त्या दिवशी मात्र दोन्ही ठिकाणचे दुखणे एकच होते.

कारण होते ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणक-विषाणू. युक्रेनमध्ये हिशेब व करभरणा यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून तो पसरला. मर्स्कच्या ओदेसा येथील कार्यालयात एका संगणकावर ते सॉफ्टवेअर होते आणि तेवढे पुरले. चोर तिजोरीच्या दाराने नव्हे, कीर्दीच्या दाराने शिरला, असेच म्हणावे लागेल. काही तासांत जगभरची कार्यालये बंद पडली. प्रसार थांबविण्यासाठी संपूर्ण नेटवर्क तोडावे लागले, तेव्हा टेबलावरचे दूरध्वनीही निकामी झाले, कारण तेही त्याच नेटवर्कवर चालत. ईमेल गेली. जगातील सर्वांत मोठ्या जहाजवाहतूक कंपन्यांपैकी एकीचे कर्मचारी खासगी जीमेल आणि व्हॉट्सअॅपवर ग्राहकांची कामे सांभाळू लागले.

पुढे जे उघड झाले, ते लहानमोठ्या प्रत्येक पेढीने समजून घेण्याजोगे आहे. कंपनीने बॅकअप ठेवले नव्हते असे नाही. बहुतेक सर्व्हरवरील माहितीच्या तीन ते सात दिवसांपूर्वीच्या प्रती सापडल्या. सापडेना ती एक निराळीच गोष्ट : डोमेन कंट्रोलरची प्रत. कोण कर्मचारी, त्याला कोणत्या खोलीची किल्ली, कोणते यंत्र कोणाच्या आज्ञेत, याचा सारा नकाशा या सर्व्हरांत असतो. जुन्या पेढीत हे काम दिवाणजी करीत. वह्या शाबूत आहेत, पण कोणती वही कोणाची हे ठाऊक असलेला दिवाणजीच नाहीसा झाला आहे, अशी ही अवस्था. मर्स्ककडे असे सुमारे दीडशे सर्व्हर होते. प्रत्येक जण आपली प्रत इतरांना देत असल्याने एक पडला तर दुसरा आहेच, या भरवशावर वेगळी प्रत कोणी काढली नव्हती. विषाणूने बहुतेक सगळे एकदमच पुसले.

एक मात्र वाचला. आफ्रिकेतील घाना देशातील कार्यालयात हल्ल्यापूर्वी वीज गेली होती. त्यामुळे तेथील यंत्र नेटवर्कपासून तुटलेले होते. ज्या वीजखंडनाबद्दल आपण एरवी बोटे मोडतो, त्याने हजारो कोटींच्या धंद्याचा नकाशा वाचविला! तेथील इंटरनेट इतके मंद होते की ती माहिती इंग्लंडला पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते. घानातील कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एका कर्मचाऱ्याने नायजेरियापर्यंत जाऊन विमानतळावर दुसऱ्याच्या हाती हार्ड डिस्क सोपविली आणि ती विमानाने लंडनला पोहोचली. त्यानंतरच पुनर्बांधणीला वेग आला. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोस येथे सांगितले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज दिला तो २५ ते ३० कोटी डॉलरांचा.

या घटनेत दोन शब्दांचा घोळ दडलेला आहे. ‘दुसरी प्रत चालू आहे’ आणि ‘बॅकअप आहे’ या दोन वाक्यांचा अर्थ एक नव्हे. चालू प्रत ही आरशासारखी : मूळ यंत्रावर चूक झाली की क्षणात तीच चूक आरशातही दिसते. बॅकअप म्हणजे कालची वही, जिच्यावर आजची शाई सांडू शकत नाही.

संपर्काच्या सर्व्हरांबाबत तर घोळ आणखी वाढतो, कारण तेथे ‘माहिती’ आणि ‘मांडणी’ या वेगवेगळ्या जागी राहतात. मायक्रोसॉफ्टच्या लिंक सर्व्हरचे, म्हणजे पुढे स्काइप फॉर बिझनेस या नावाने आलेल्या यंत्रणेचे, उदाहरण घ्यावे. कार्यालयातील दूरध्वनी, संदेश आणि बैठका यांसाठी मोठ्या कंपन्यांनी ती वर्षानुवर्षे वापरली. तिच्यात सर्व्हरांची रचना, कोणाला परदेशी फोन लावण्याची मुभा, क्रमांक फिरविण्याचे नियम हे सारे एका मध्यवर्ती भांडारात असते. प्रत्येकाच्या संपर्कसूची व ठरलेल्या बैठका दुसरीकडे. आलेला फोन विक्रीच्या माणसांपैकी कोणाकडे आधी वळवायचा, याची मांडणी तिसरीकडे. पत्त्यांची नोंद निराळी, बैठकांत वाटलेल्या फायली निराळ्या, संदेशांचा जुना संग्रह निराळा. यांतील बहुतेकांची प्रत काढण्याची आज्ञा स्वतंत्र आहे. फायलींचे कपाट तर हाताने वेगळे उचलावे लागते. त्यातच सर्व्हरची ओळख पटविणारे प्रमाणपत्र आणि त्याची गुप्त किल्ली विसरली, तर बाकीचे सर्व परत बसवूनही घंटी वाजत नाही. आणि ही सारी प्रत त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवणे म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच कुलूपबंद करणे होय.

एवढी मोठी यंत्रणा आपल्याकडे नाही, असे कोणी व्यापारी बंधू म्हणतील. ते खरेच आहे. पण आज पंधरा-वीस फोनांच्या अडत दुकानातही इंटरनेटवर चालणारे छोटे एक्स्चेंज बसलेले असते. अनेकदा ते अॅस्टरिस्क या मुक्त सॉफ्टवेअरवर उभे असते. त्यातही हीच विभागणी आहे. क्रमांकांचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत, ग्राहकांनी ठेवलेले ध्वनिसंदेश दुसऱ्या कप्प्यात, फोन कोणाकडे वळविला आहे अशा बारीक नोंदी एका छोट्या डेटाबेसमध्ये. दूरसंचार कंपनीने दिलेला सांकेतिक शब्द तर पुष्कळदा कोणत्याच प्रतीत नसतो. तो एक्स्चेंज बसवून गेलेल्या तंत्रज्ञाच्या डोक्यात असतो. घरचा पुतण्याच हे सर्व पाहतो, अशी पेढी स्वतःला सुरक्षित समजते. पुतण्या शिक्षणासाठी परगावी गेला, की त्या सुरक्षिततेची मुदत संपते.

ईमेल बाहेरच्या कंपनीकडे ठेवली म्हणजे चिंता मिटली, हाही असाच एक समज. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन टपालसेवेत कायमचे पुसलेले पत्र, वेगळी व्यवस्था केली नसेल तर, चौदा दिवसांपर्यंत परत मिळते. सेटिंग बदलून ही मुदत तीस दिवसांपर्यंत वाढविता येते. रागावून नोकरी सोडणाऱ्या माणसाने जाण्यापूर्वी काय पुसले, हे पेढीला बहुधा वर्षअखेरीच्या हिशेबात कळते. हिशेबाच्या वह्यांबाबत मात्र कायदाच जागा आहे : संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांनी भारतातील सर्व्हरवर दररोज बॅकअप ठेवलाच पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार व फोनची मांडणी यांची काळजी कोणता कायदा घेणार? ती पेढीनेच घ्यायची.

बॅकअप निघतो आहे, एवढ्या विश्वासावरही निजू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रसिद्ध सॉफ्टवेअर कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. त्याने ती क्षणार्धात थांबविली खरी, पण तोवर सुमारे ३०० गीगाबाइटपैकी अवघे साडेचार उरले होते. मग बॅकअप शोधू गेले, तर रोजचा बॅकअप निघतच नव्हता. डेटाबेसची आवृत्ती एक आणि प्रत काढणाऱ्या साधनाची आवृत्ती दुसरी, म्हणून ते साधन रोज अपयशी होत होते. तसे कळविणारी ईमेलही रोज निघे. पण ती योग्य रीतीने प्रमाणित नसल्यामुळे टपालयंत्रणा ती परत लावी. म्हणजे धोक्याची घंटा वाजत होती आणि तिचा आवाजच दाराबाहेर अडविला जात होता. सुदैवाने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली. तिच्यावरून सेवा पूर्ववत होण्यास सुमारे अठरा तास लागले आणि त्या सहा तासांतील माहिती कायमची गेली. कंपनीने हा सारा प्रकार लपवून न ठेवता जगापुढे मांडला, हे तिचे मोठेपण.

म्हणून जाणकार मंडळी बॅकअपची नव्हे, पुनर्स्थापनेची तालीम करावयास सांगतात. बाजार बंद असेल अशा एखाद्या रविवारी एक जुना संगणक घ्यावा, त्यावर कालच्या प्रतीवरून एक्स्चेंज नव्याने उभे करावे आणि शेजारच्या खोलीतील फोन वाजतो का ते पाहावे. सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती होती, परवान्याचा क्रमांक कोणता, प्रमाणपत्र कोठे, सांकेतिक शब्द कोणते, हे त्या वेळी जेथे जेथे अडेल तेथे तेथे कागदावर लिहीत जावे. तो कागद लिफाफ्यात घालून मोहोरबंद करावा आणि दुकानातील तिजोरीत नव्हे, घरच्या तिजोरीत ठेवावा. प्रतींपैकी एक दुकानाबाहेर असावी आणि ती नेटवर्कला जोडलेली नसावी. घानातील ते यंत्र वाचले ते एवढ्यासाठीच. तालमीच्या दिवशी पुतण्याला मुद्दाम घरी बसवावे, आणि काम दिवाणजींकडून करवून घ्यावे.