ईव्हीएम: शंका कुठे रास्त, कुठे वायफळ

निकाल लागला की ‘मोबाइलवरून ईव्हीएम हॅक केलं’ ही चर्चा सुरू होतेच. आपल्या मतदान यंत्रात सिमकार्ड नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. बॅलट युनिट, मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट आणि कंट्रोल युनिट एकमेकांना केबलने जोडलेली असतात आणि बॅटरीवर चालतात.

पण म्हणून ‘यात गडबड होऊच शकत नाही’ हेही खरं नाही. 2010 मध्ये संशोधक हरि प्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळच्या यंत्रात फेरफार करून निकाल बदलून दाखवला होता. त्यासाठी यंत्र हातात मिळावं लागलं. म्हणून खरी सुरक्षा ताबा, सील आणि पहारा यांत आहे.

‘कुठलंही बटण दाबा, मत एकालाच जातं’ या शंकेची तपासणी दर मतदान केंद्रावर पहाटेच होते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी पोलिंग एजंटांसमोर किमान 50 मतांचं मॉक पोल घेतात, चिठ्ठ्या आणि यंत्राचा आकडा ताडून पाहतात, मग ‘क्लिअर’ दाबून शून्य दाखवतात. मॉक पोलच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सीलबंद होतात. पहाटे एजंटच हजर नसेल, तर त्या पक्षाने ही तपासणी स्वतःच्या हाताने घालवली.

2024 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत संध्याकाळी पाचचं मतदान 58.22 टक्के आणि अंतिम 66.05 टक्के आलं, तेव्हा मतं वाढवल्याचा आरोप झाला. पाचचा आकडा केंद्रांवरून कळवलेला अंदाज असतो. सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मतदान करता येतं. केंद्रावर पडलेल्या मतांची कायदेशीर नोंद म्हणजे नमुना 17-सी. मतदान संपल्यावर त्याची प्रत एजंटला मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्रातली मतं त्या आकड्याशी जुळली नाहीत, तर तिथेच हरकत घ्यायची.

व्हीव्हीपॅटच्या सगळ्याच चिठ्ठ्या मोजतात, असंही अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दर विधानसभा क्षेत्रातल्या फक्त पाच केंद्रांच्या मोजतात. सगळ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 ला फेटाळली. मात्र व्हीव्हीपॅटमध्ये चिन्हं भरणारी युनिटं निकालानंतर 45 दिवस सीलबंद ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून घेण्याची मुभा दिली. चिठ्ठ्या आणि यंत्र यांत फरक आला, तर नियमानुसार चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरतात. हे फार महत्त्वाचं आहे: मतदाराने सात सेकंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला कागद यंत्रावर मात करतो.

म्हणूनच राज्यातल्या 2025 च्या नगरपरिषद निवडणुका व्हीव्हीपॅटविना झाल्या, हे मला पटत नाही. वाद झालाच तर फेरमोजणीला कागदच नाही. यंत्र पुन्हा तोच आकडा दाखवणार.