अमावास्येची मध्यरात्र आणि भरतीची वेळ

माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट करायला सांगून प्रकार निवडायची मोकळीक दिली, की त्यांतली बरीचशी भयपटाकडे वळतात. यात वावगे काही नाही. पात्रे दोन-तीन पुरतात, अंधाराला पैसे पडत नाहीत आणि प्रेक्षक घाबरला की नाही याचा निकाल जागच्या जागी लागतो. मग कोकणातले एखादे पडके घर शोधले जाते. दिव्याहून गाडीत बसले की पेण आणि रोहा हाताशीच येतात, त्यामुळे मुंबईच्या मुलांची नजर इकडे वळणे साहजिक आहे. पण तयारी म्हणून जे होते ते बहुधा चार भयपट पाहणे, गावातल्या एखाद्या आजोबांना ‘भूत पाहिलंत का?’ असे विचारणे आणि घराचे फोटो काढून परतणे. माझे म्हणणे असे, की भयपटाचा अभ्यास भुतापासून सुरू केला तर तो तिथेच संपतो. तो त्या जागेच्या कामापासून सुरू करावा. तिथली माणसे कोणत्या कामाला, कोणत्या वेळी, कशामुळे बिचकतात हे कळले की गोष्ट, वेळापत्रक आणि ध्वनी या तिन्हींचा पाया एकदमच पडतो.

पेण तालुक्याच्या पश्चिमेला अंबा नदी आणि धरमतरची खाडी यांच्या काठाने खारभूमी पसरली आहे. समुद्राचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून तयार केलेली ही भातशेती. बांधात जागोजाग उघाड्या असतात. ओहोटीला त्यांतून आतले पावसाचे पाणी बाहेर पडते आणि भरतीला त्या मिटून खारे पाणी अडवतात. पूर्वी हे बांध गावकरी एकत्र येऊन राखत. पुढे 1948 चा खारजमिनींचा कायदा आला, मग 1979 चा खारभूमी विकास अधिनियम, आणि जबाबदारीचा बराच भाग सरकारकडे गेला. बांध फुटतो तो नेहमी लाटेच्या धडकेनेच असे नाही. चिंबोरी बांधात बीळ करते, बिळातून पाणी झिरपू लागते, झिरपणाऱ्या पाण्याबरोबर माती जाते आणि उधाणाच्या एका भरतीत तिथे खांड पडते. खारे पाणी शेतात शिरले की त्या वर्षाचे पीक तर जातेच, पण जमिनीतले मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जावे लागतात. म्हणजे बोटभर रुंदीच्या भोकातून एका कुटुंबाची काही वर्षे वाहून जाऊ शकतात. भयपटाला याहून चांगला आरंभ मला सुचत नाही. कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात बांधाच्या आतल्या अंगाला दिसणारी ओली रेघ, आणि कान देऊन ऐकल्याशिवाय न कळणारा पाण्याचा आवाज.

आता वेळेचा विचार करू. या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा, दुपारी आणि रात्रीही. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर होतो, पण अंदाज चुकत नाही. भुताच्या गोष्टींतली ठरलेली वेळ, अमावास्येची मध्यरात्र, ही या किनाऱ्यावर उधाणाची वेळ आहे. त्या घटकेला खाडी काठोकाठ भरलेली असते, आकाशात चंद्र नसतो आणि बांधावर एकट्याने जाणे खरोखरच जिवावरचे असते. ‘अमावास्येला रात्री खाडीवर जाऊ नये’ या आज्ञेत भूत असेल किंवा नसेल, पाणी मात्र नक्की आहे. सगळी भुते भरतीतून जन्मली असा सिद्धांत मला मांडायचा नाही. डोंगरातल्या गावांतही अमावास्येचे भय आहेच. पण खाडीकाठावर ती समजूत आणि हा धोका एकाच घड्याळावर चालतात, आणि लघुपट करणाऱ्याला एवढे पुरेसे आहे.

यावर कोणी जाणकार म्हणेल, की पावसाळ्यात मोठी भरती दुपारचीच असते, रात्रीची तिच्या मानाने कमी. ते बरोबर आहे. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या उधाणाची मोठी भरती दुपारी येते आणि हिवाळ्यात ती मध्यरात्रीकडे सरकते. पण याच माहितीने चित्रीकरणाचा महिना ठरतो. मार्गशीर्ष-पौषात पाऊस नाही, कॅमेरा भिजण्याची भीती नाही, भात झोडून झालेले आहे आणि खाडी रात्री बाराला सर्वांत जास्त फुगलेली आहे. गोष्टही त्यामुळे बदलते: पीक घरात आले म्हणून निर्धास्त झालेले गाव, आणि नेमके तेव्हाच आत येणारे पाणी.

कॉलशीट पंचांग पाहून का लिहायची, हेही इथे कळते. अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन रात्रीच मध्यरात्री पाणी बांधाला टेकते. राहिलेले चार शॉट आठवड्याने घेऊ म्हटले तर अष्टमीच्या मध्यरात्री त्याच जागी ओहोटी असते, आणि पाण्याऐवजी चिखल नि तिवरांची उघडी मुळे दिसतात. संकलनात हे जुळत नाही. म्हणून पाणी दिसणारे सगळे शॉट आधी उरकायचे आणि चेहऱ्यांचे जवळचे शॉट नंतरसाठी ठेवायचे. उधाणाच्या वेळी भुसभुशीत बांधावर अख्खे युनिट उभे करायचे नाही. तीन माणसे, एक दिवा आणि सोबत तिथला, खाडी ओळखणारा माणूस एवढेच असावे. माणसांशी बोलतानाही प्रश्न कामाचे हवेत. ‘भूत पाहिलंत का?’ याला उत्तर ठरावीक येते. ‘रात्री उघाडी बघायला कोण जायचं, हातात काय असायचं, परत आल्याचं घरात कसं कळायचं?’ असे विचारले की पटकथेतला प्रसंग आपोआप समोर येतो.

पेण म्हटले की मुलांच्या डोक्यात पहिल्यांदा येतात ते गणपतीचे कारखाने. हमरापूर, जोहे या गावांत शेडमध्ये ओळीने मांडलेल्या, डोळ्यांची आखणी न झालेल्या पांढऱ्या मूर्ती पाहिल्या की भयपटवाल्याला मोह होणारच. मी हा मोह आवरायला सांगेन. त्या मूर्तींना तिथले कोणी भीत नाही, ती त्यांची भाकरी आहे. तिथली धास्ती वेगळी: दमट हवेत न वाळणारा रंग, ऐन मोक्याला गेलेली वीज, आणि शेवटी आखणीला बसणारे मोजके सराईत हात. ही घड्याळाशी लावलेली शर्यत आहे आणि तिचा लघुपट थरारपट म्हणून उत्तम होईल. जागा तीच राहते, पण तिथली धास्ती कोणत्या जातीची आहे हे पाहिल्याशिवाय प्रकार ठरवता येत नाही.

रोह्यात घड्याळ आणखी निराळे आहे. कुंडलिकेला वरून येणारे पाणी नुसते पावसाचे नाही. घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणाचे पाणी डोंगर उतरून 1927 पासून भिऱ्याच्या वीजगृहात येते आणि वीज करून झाल्यावर नदीत सोडले जाते. कोलाडचे राफ्टिंग चालते ते याच सोडलेल्या पाण्यावर. आभाळ कोरडे असताना चढणारी नदी, आणि ते पाणी जिथून येते त्या तलावाखाली गेलेली गावे, ज्यांच्यासाठी 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. या वस्तुस्थितीपुढे उसनी हडळ फिकी पडते. याच रोहे तालुक्यातल्या नागोठण्याला आणि अंबेच्या वरच्या अंगाच्या जांभूळपाड्याला जुलै 1989 च्या पुराने जे भोगायला लावले, ते पाहिलेली माणसे आजही भेटतात. त्यांची आठवण ऐकावी, पण तो पूर जसाच्या तसा पडद्यावर मांडून त्यातून किंकाळ्या काढू नयेत. तेवढा आदर अभ्यासातच शिकायचा असतो.

सर्वांत वजनदार आक्षेप असा, की भीती अज्ञातातून येते, इतकी माहिती गोळा केली तर ती विरून जाईल. पण माहिती दिग्दर्शकाला हवी, ती प्रेक्षकाला समजावून सांगायची नसते. ‘तुंबाड’चे चित्रीकरण अनेक पावसाळे चालले. तो पाऊस कोणी पात्र समजावून सांगत नाही, तरी तो अंगावर येतो. ‘लपाछपी’तला ऊसही तसाच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चिदानंद नाईक यांनी शिकत असताना केलेला सोळा मिनिटांचा लघुपट 2024 मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिला आला. म्हातारी कोंबडा पळवते आणि गावात दिवस उगवायचा थांबतो, एवढीच त्यातली कन्नड लोककथा. वेळ कमी असला की जागेची खरी ओळख अधिकच उपयोगी पडते, कारण एका खऱ्या तपशिलाने पाच मिनिटांचे स्पष्टीकरण वाचते.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. 2013 मध्ये ज्या महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गमावले आणि जादूटोणाविरोधी कायदा मिळवला, तिथे विद्यार्थ्यांनी भुताखेतांचे लघुपट करावेत का? मी हा प्रश्न गंभीर मानतो. अभ्यास न केलेला भयपट गुन्हेगार शोधताना हमखास दुबळ्याच्या दारात जातो: एकटी राहणारी म्हातारी, नाहीतर कातकरी वाडीतला भगत. प्रत्यक्षात संशय घेऊन ज्यांना छळले जाते त्यांच्याकडेच कॅमेरा पुन्हा बोट दाखवतो. बांध, उघाडी आणि तिथी यांतून उभ्या राहिलेल्या गोष्टीला असा बळी लागत नाही. तिच्यात प्रश्न येतात ते वेगळे: उघाडी नादुरुस्त असल्याचे कोणाला ठाऊक होते, दुरुस्ती कोणी टाळली, आणि त्या रात्री बांधावर जायची पाळी कोणाची होती. पटकथेच्या पहिल्या खर्ड्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरे गावात बसून लिहून घ्यावीत, आणि कॅमेरा भाड्याने घ्यायची तारीख त्यानंतरच्या अमावास्येला धरून ठरवावी.