साई भाजी पोटात गेल्यावर

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली छावणीचं उल्हासनगर झालं, आणि कॅम्प नं. ३ मधल्या घरांत साई भाजी शिजत राहिली: पालक, आंबट चुका, शेपू, हरभऱ्याची डाळ, सगळं एकत्र शिजवून रवीने घोटलेलं. यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यातच पचतो. तंतू मात्र न पचता मोठ्या आतड्यात उतरतात, पालेभाज्यांतली पॉलिफेनॉल्सही बरीचशी तिथवर पोहोचतात, आणि दोन्हींवर तिथले जिवाणू काम करतात. तंतू आंबवून ते ब्युटिरेट तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हे मुख्य इंधन. पॉलिफेनॉल्सचे ते लहान तुकडे करतात, तेव्हा कुठे ती रक्तात सहज शिरतात.

हे कागदावरच खरं, असं कुणी म्हणेल. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले २० जण यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली होती. भरपूर तंतू मिळालेल्या आफ्रिकन अमेरिकनांत ब्युटिरेट वाढलं, आतड्याचा दाह घटला. दुसऱ्या गटात नेमकं उलटं झालं. माणसं थोडी होती, मुदतही छोटी, हे कबूल. खरा आक्षेप निराळाच आहे: जिवाणू प्रत्येकाचे वेगळे. डाळिंबातल्या टॅनिनपासून युरोलिथिन-ए हे संयुग काही जणांच्याच पोटात बनतं. म्हणून एकाच अर्काच्या महागड्या गोळ्यांपेक्षा मला ही घोटलेली सरमिसळ भरवशाची वाटते. सिंध्यांच्याच दाल-पकवानातही डाळ कामाची. पकवानाच्या तळलेल्या मैद्यातून जिवाणूंच्या वाट्याला फारसं काही येत नाही.