कॉन्व्हेंट, सिस्टर आणि बाळंतिणीची खोली

देवळाली प्रवरा, राहुरी, श्रीरामपूर या आपल्या पट्ट्यात दोन शब्द रोज कानावर पडतात. एक 'कॉन्व्हेंट' आणि दुसरा 'सिस्टर'. इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली की पाटीवर कॉन्व्हेंट लिहायचं, मग संस्थाचालक कोणीही असोत. दवाखान्यात इंजेक्शन द्यायला येणारी बाई कोणत्याही धर्माची असो, ती सिस्टर. पुरुष असेल तर तो ब्रदर! हे दोन्ही शब्द मुळात रोमन कॅथलिक धर्मभगिनींचे. कॉन्व्हेंट म्हणजे त्यांचा मठ, सिस्टर म्हणजे त्या मठातली बहीण. शब्द इतके रुळले, पण ज्यांचे ते शब्द, त्या बायका मात्र आपल्या खेड्यांपर्यंत फार उशिरा पोचल्या. असं का झालं, ते आज आपल्याला बघायचं आहे.

त्यासाठी एकच संस्था धरू, म्हणजे गोंधळ होणार नाही. डॉटर्स ऑफ द क्रॉस, मराठीत क्रुसाच्या कन्या. बेल्जियममध्ये लिएज नावाचं शहर आहे, तिथे १७८२ साली झान आझ नावाची मुलगी जन्मली. वडील तिथल्या बिशपच्या दरबारी नोकरीत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या फौजा आल्या तेव्हा कुटुंबाला घर सोडून पळावं लागलं, आणि त्या पळापळीतच वडील गेले. क्रांतीने मठ बंद केले होते. झान आणि तिची बहीण फेर्दिनांद घरीच राहून मुलींना शिकवू लागल्या. शेवटी ८ सप्टेंबर १८३३ या दिवशी, झानचं वय पन्नाशीच्या पुढे गेल्यावर, त्यांनी काही जणींसह व्रतं घेतली. ८ सप्टेंबर म्हणजे मरियेचा जन्मदिन. हरेगावची मतमाउलीची यात्रा याच सणाच्या आसपास भरते, त्यामुळे ही तारीख आपल्याकडे वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

आता एक बारकावा सांगतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कॅथलिक कायद्यात कित्येक शतकं संन्यासिनी म्हणजे मठाच्या भिंतीआड राहणारी बाई. बाहेर पडायचं नाही, बाहेरच्यांनी आत यायचं नाही. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९८ मध्ये हे पक्कं केलं आणि ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये पुन्हा बजावलं. मग रस्त्यावर जाऊन रोग्याला पाणी कोण पाजणार? इंग्लंडच्या मेरी वॉर्डने भिंतीबाहेर राहून मुलींच्या शाळा चालवणारी संस्था काढली, तर १६३१ साली रोमने ती बरखास्त केली. दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये व्हिन्सेंट द पॉल यांनी डॉटर्स ऑफ चॅरिटी उभी केली. त्यांनी युक्ती केली, आपल्या बायकांना संन्यासिनी म्हणायचंच नाही. वार्षिक, खासगी व्रतं घ्यायची आणि कामाला लागायचं. एकोणिसाव्या शतकात शेकडो संस्था निघाल्या त्या याच फटीतून. क्रुसाच्या कन्याही त्यातल्याच. शाळा, आजारी माणसांची सेवा, तुरुंगातल्या बायका, ही कामं त्यांनी धरली. अशा संस्थांना रोमने पुरती कायदेशीर मान्यता दिली ती १९०० साली, म्हणजे झान आझ वारल्यानंतर २४ वर्षांनी. तोवर लोकांच्या दृष्टीने त्या सिस्टर, कायद्याच्या दृष्टीने अर्धवट.

१८६२ मध्ये या संस्थेच्या सिस्टर कराचीला उतरल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. सुएझचा कालवा अजून उघडायचा होता, त्यामुळे प्रवास किती लांबचा असेल याची कल्पना करा. तिथे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट निघालं, पुढे वांद्र्याला, आणि १८९५ मध्ये पाचगणीला. ही गावांची नावं नीट बघा. बंदर, मुंबईचं उपनगर, थंड हवेचं ठिकाण. त्या काळची बहुतेक कॉन्व्हेंटं अशाच जागी किंवा कॅम्पात आणि रेल्वेच्या गावांत सापडतील.

याची कारणं सरळ आहेत. एक, पैसा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं, पण ते चालू शाळेला. आधी फी भरणाऱ्या मुली हव्यात, आणि त्या साहेबांच्या, अँग्लो-इंडियनांच्या, पारशांच्या घरी. त्या फीवर शेजारी गरिबांची शाळा चालवायची, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. दोन, नियम. सिस्टरने एकटीने राहायचं नाही, समुदायात राहायचं. रोज मिस्सा ऐकायची, म्हणजे जवळ फादर हवा. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन आणि स्विस जेझुइट फादर आले. केंदळ, वळण, राहाता, संगमनेर ही त्यांची जुनी ठाणी. यातली पहिली दोन तर आपल्याच राहुरी तालुक्यातली. एक फादर घोड्यावरून पाच-पन्नास खेडी फिरणार. अशा ठिकाणी सिस्टरांचा मठ बसवायचा कुठे? त्यात पहिलं महायुद्ध आलं. इंग्रज सरकारने या जर्मन फादरांना शत्रू ठरवलं, कित्येकांना अहमदनगरच्याच छावणीत कोंडलं आणि नंतर मायदेशी धाडलं.

अमेरिकन मराठी मिशनचं याच जिल्ह्यात वेगळं चित्र होतं. ते प्रोटेस्टंट, त्यांना मठाचा नियम नाही. सिंथिया फॅरार नावाची अविवाहित बाई १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होती. सावित्रीबाई फुल्यांच्या प्रशिक्षणाच्या संदर्भात तिचं नाव येतं. ती नगरलाच १८६२ मध्ये वारली, म्हणजे कॅथलिक सिस्टर कराचीला उतरल्या त्याच वर्षी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. ज्युलिया बिसेल यांनी नगरला बायकांसाठी दवाखाना उभारला. तेच पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेलेलं बूथ हॉस्पिटल, कोविडच्या काळात ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

मग कॅथलिक सिस्टरांनी असा दवाखाना का काढला नाही? इथे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो. त्यांना बाळंतपण करायची परवानगीच नव्हती.

हो, परवानगी नव्हती. तापाच्या माणसाला क्विनाइन द्या, जखम धुवा, मरणाऱ्याच्या उशाशी बसा, सगळं चालेल. पण अडलेल्या बाईला हात लावायचा नाही. धर्मगुरूंनी शस्त्रक्रिया करू नये असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा. व्रतस्थ बायकांच्या बाबतीत तो आणखी कडक झाला. १९०१ साली रोमने नव्या संस्थांसाठी जी नियमावली काढली, तिच्यात बाळंतिणींची आणि पाळण्यातल्या तान्ह्या मुलांची शुश्रूषा हे काम संस्थेने घेऊ नये असंच धोरण होतं. ब्रह्मचर्याच्या व्रताला ते शोभत नाही, हे कारण.

थोडं थांबून आपल्याकडे बघू या. आपल्याकडेही सुईणीचं काम कोणाच्या वाट्याला टाकलं होतं? बहुतेक ठिकाणी दलित समाजातल्या बायकांच्या. बाळंतिणीचा विटाळ, दहा दिवस सुवेर, आणि सोडवायला येणारी बाई मात्र एरवी ओसरीवरही चालायची नाही. युरोपातल्या धर्मपंडितांनी आणि आपल्या ओसरीवरच्या शहाण्यांनी एकमेकांना न विचारता जवळपास एकच निकाल दिला होता. 'शुद्ध' बाईने त्या खोलीत जायचं नाही. मरायची ती आतली बाई. पुरुष डॉक्टरला ती दाखवायची नाही, बाई डॉक्टर मिळायची नाही.

हा नियम मोडायला सुरुवात झाली ती मराठी मुलखापासून लांब, रावळपिंडीत. अॅग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश डॉक्टरने उतारवयात तिथे बायका-मुलांसाठी इस्पितळ उभं करायला मदत केली आणि सिस्टरांना वैद्यकीची मोकळीक द्या म्हणून रोमला पुन्हा पुन्हा अर्ज केले. १९१३ मध्ये त्या गेल्या, नियम तसाच. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातली अॅना डेंगल त्यांच्या प्रेरणेने आयर्लंडमध्ये कॉर्कला डॉक्टर झाली आणि १९२० मध्ये रावळपिंडीला आली. चार वर्षं तिने बायकांचे हाल बघितले आणि १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स ही संस्था काढली. पुन्हा तीच जुनी युक्ती, जाहीर व्रतं घ्यायची नाहीत. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियन डॉक्टर मेरी ग्लोरी गुंटूरला होत्या. त्यांना पोपकडून खास परवानगी मिळाली होती, पण ती त्यांच्यापुरती. (१९४३ मध्ये कॅथलिक इस्पितळांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, ती त्यांच्याच पुढाकाराने.)

११ फेब्रुवारी १९३६ ला रोमने आदेश काढला. मिशनच्या मुलखात सिस्टरांनी प्रसूतीचं काम करावं, त्यासाठी डॉक्टरकीची आणि नर्सिंगची रीतसर प्रमाणपत्रं घ्यावीत. काल जे पाप होतं, त्याची आज पदवी आणायची! आम्ही हे हसण्यावारी नेत नाही. एवढी जुनी संस्था आपला नियम बदलते ते सहजासहजी नाही, आणि इथे तो बदलला तो बायकांनी बायकांसाठी चिकाटीने मागणी लावून धरल्यामुळे.

आता परत क्रुसाच्या कन्यांकडे. मुंबईला अंधेरीत त्यांचं सेंट कॅथरिन्स होम आहे, अनाथ आणि टाकून दिलेल्या मुलांचं. तिथे जर्मनीच्या मेखेर्निख गावची सिस्टर अॅना हुबेर्टा रोगेनडॉर्फ काम करत होती. ज्या तान्ह्यांना १९०१ च्या नियमावलीने दूर ठेवलं होतं, नेमकी तीच इथे दारात येत होती. १९४२ मध्ये, युद्ध चालू असताना, तिने भारतीय मुलींना घेऊन एक नवी संस्था उभी केली, हेल्पर्स ऑफ मेरी. साडी नेसणाऱ्या सिस्टर. मुलांचा सांभाळ, गरीब वस्त्या, कुष्ठरोगी ही त्यांची कामं. वर्सोव्याचं विमला कुष्ठरोग केंद्र त्यांचंच. पैसा बराचसा जर्मनीतून आला. बॉनच्या रोझी गोलमान यांनी अंधेरीच्या मुलांसाठी मदत गोळा करायला सुरुवात केली, त्यातून १९६७ मध्ये 'अंधेरी-हिल्फे' ही नोंदणीकृत संस्था झाली. आपल्या अंधेरीचं नाव जर्मन संस्थेच्या पाटीवर! पुढे या सिस्टर इथिओपिया आणि केनियाला कामाला गेल्या, म्हणजे मिशनरी आता इथून निघू लागल्या.

आपला जिल्हा १९८७ पर्यंत पुणे धर्मप्रांतात होता, त्या वर्षी नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला. आज या भागात ज्या सिस्टर दिसतात, त्या वेगवेगळ्या संस्थांच्या आहेत, कोणी मराठी, कोणी केरळच्या, कोणी झारखंडच्या. सगळ्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो. पण आपल्या गावातली सिस्टर नेमकी कोणत्या संस्थेची, ती संस्था कधी, कोणी आणि कशासाठी काढली, हे विचारून बघा. त्या आनंदाने सांगतात. आणि घरातल्या जुन्या बायकांनाही विचारा, तुमचं पहिलं बाळंतपण कोणी केलं, सुईणीने, नर्सने की सिस्टरने. पुढच्या बैठकीला येताना ती उत्तरं लिहून आणलीत तर आपल्या तालुक्यापुरता हा इतिहास मांडायला सुरुवात करता येईल.

आता प्रश्न असतील तर घेऊ.