गोल टोकांची जाड अक्षरं

वडिलांच्या खोकल्याच्या औषधाची बाटली एकदा मला भिंगाखाली धरावी लागली. लेबलावरचा मात्रेचा इंग्रजी आकडा तीन आहे की आठ, हे त्यांना कळेना. मलाही कळेना. छपाई स्वच्छ होती, अक्षरं चांगली ठसठशीत होती आणि घोटाळा नेमका तिथंच होता. आकडा तीन निघाला.

तो टाइप होता गोल टोकांचा जाड सॅन्स-सेरिफ. सॅन्स-सेरिफ म्हणजे रेघांच्या टोकांना छोट्या आडव्या शेपट्या नसलेला. ही टोकं गोल केली की अक्षराचा करडेपणा जातो. तुम्ही म्हणाल, टोकानं एवढा काय फरक पडतो? ‘थांबा’ हा शब्द चौकोनी टोकांच्या जाड अक्षरांत लिहून बघा, पोलिसानं हात दाखवल्यासारखा वाटेल. गोल अक्षरांत लिहा, शेजारच्या काकूंनी चहासाठी थांबवल्यासारखा वाटेल. म्हणून खेळण्यांचे खोके, बालवाडीच्या पाट्या यांना हा टाइप मानवतो.

याचं गाजलेलं उदाहरण जर्मनीतलं. फोक्सवॅगन आणि ऑडी यांची विक्री एका छत्राखाली आली, तेव्हा एकीच्या जाहिरातींत ‘फ्युचुरा’ हा टाइप होता, दुसरीच्या ‘टाइम्स’. दोघींची ओळख एक दिसावी म्हणून १९७९ साली ‘व्हीएजी राउंडेड’ तयार झाला. पुढं ‘ॲपल’नं तो अनेक वर्षं आपल्या लॅपटॉपच्या कळांवर वापरला. कळेवर अक्षर एकटं असतं, भोवती मोकळी जागा. तिथं तो शोभला.

गर्दीत मात्र त्याचं बिनसतं. वाचताना डोळा काळ्या रेघेइतकाच अक्षराच्या पोटातल्या पांढऱ्या जागेवर विसंबून असतो. रेघ जाड झाली की ती जागा घटते. इंग्रजी तीनची तोंडं मिटत येतात, आकार बारीक केला आणि शाई जराशी पसरली की झाला आठ! देवनागरीत तर ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांत शिरोरेषेतला एवढासा खंडच मोठा फरक करतो. तो बुजला तर ‘अर्ज भरा’चं ‘अर्ज मरा’ व्हायला वेळ लागत नाही.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ हा देवनागरी टाइप इतका गुबगुबीत आहे, की अक्षरांच्या पोटात पांढऱ्या फटीच उरतात. मथळ्याला झकास, त्यात कुणी परिच्छेद छापू नये. त्यांचाच ‘बलू’ जरा बेताचा जाड. तो इतर भारतीय लिप्यांतही आहे आणि त्याची नावं मोठी गमतीची आहेत: गुजरातीत ‘बलू भाई’, बंगालीत ‘बलू दा’, गुरुमुखीत ‘बलू पाजी’, तमिळमध्ये ‘बलू तंबी’. जाईल तिथं भाऊच! दोन्ही टाइप कुणालाही मोफत वापरता येतात.

औषधाची मात्रा आता मी मार्करनं बाटलीवर मोठी लिहून ठेवतो. आकडा तसाच जाड आणि गोल टोकांचा उमटतो, पण वडील भिंग मागत नाहीत.